गेटवरचा डबा

प्रिय आईस, लांबूनच नमस्कार.

उत्तर टाळत होते, कबूल. "बाबांना कारखान्याच्या गेटवरचा संप सोडायला सांग, तुझं ऐकतात," असं तू लिहिलंस आणि मी पत्र घडी घालून ठेवून दिलं.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. जुन्या संपांचा इतिहास लिहिणाऱ्या एका बाईंकडे काम मिळालंय. म्हातारे कामगार बोलतात, मी रेकॉर्डर धरून बसते. ते रडले तरी आताशा मला काही वाटत नाही. खोलीला खिडकी मोठी आहे, समोर लॉन्ड्री. सारख्या चादरी वाळत असतात. काय सांगत होते?

हां. काल एक आजोबा म्हणाले, "पोरी, लाठी परवडली, पण बायकोच्या हातचा गरम घास नको! एकेक जण जेवायला म्हणून घरी गेला, तो परत आलाच नाही. तिथंच आमचा संप मोडला."

म्हणून सांगते, बाबांना घरी बोलावू नकोस. डबा गेटवरच पाठव. त्यांचे गुडघे कसे आहेत?

थांब, दार वाजलं.

आई, बाबा आलेत. "संप सोडला. घरी जायला तोंड नाही," एवढंच म्हणाले. चपला काढून भिंतीला टेकून बसलेत, गेटवर बसायचे तसेच. काळजी करू नकोस. मी ताट वाढलंय. त्यांनी अजून हात लावलेला नाही.

तुझी,
भटकभवानी