एक बेल्ट, दोन फोटो

मंगळवार, संध्याकाळ

सदरच्या रस्त्यावर खांबावरचा लाइट बदलताना गाडीवरच्या लिफ्टच्या बास्केटला झटका बसला आणि दिनेश खाली पडला. अजून शुद्धीवर नाही. मी त्याच बास्केटमध्ये बाजूलाच होतो. वाचलो, कारण सेफ्टी बेल्ट मी बांधला होता.

बेल्ट एकच आहे, निळ्या दोऱ्याने शिवलेला. रोज सकाळी दोघं आळीपाळीने तोच घालून फोटो काढतो, ठेकेदार साहेबांना पाठवतो.

दवाखान्यात साहेबांनी दिनेशच्या बायकोसमोर मोबाइल धरला. "बेल्ट तो दिया था, ये देखिए." फोटोत दिनेश हसून राहिला होता.

वहिनीने फोटो नीट पाहिला. मग माझ्याकडे. घाईत माझ्या अंगावरचा बेल्ट काढायचा राहूनच गेला होता.

निळ्या दोऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "भाऊजी, हा तोच न?"