माझ्या लेखाचे चौतीस गुण

३ जानेवारी, मंगळवार

ढिगारा एकदाचा जमला. आपल्या भागात पंधरा वर्षांत झालेले औषधांच्या खर्च-फायद्याचे अभ्यास — एकूण ब्याण्णव. प्रत्येकाला शंभरपैकी गुण द्यायचे. खर्च कोणत्या वर्षीचा? कोणाच्या खिशातला? आकडा आला कुठून? असे वीस प्रश्न. मी आणि फूटपट्टीने वेगवेगळं तपासायचं, मग ताडून पाहायचं. फूटपट्टी म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी, आता रुग्णालयात माझ्याच विभागातली सहकारी. नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. तिला कळलं तर त्याचाही संदर्भ मागेल.

६ जानेवारी, शुक्रवार

वीस झाले. सरासरी एक्केचाळीस. काय काय लिहितात लोक! एकाने खर्च धरलाच नाही, आणि निष्कर्ष — ‘परवडणारे’. एकटीच हसत बसले. परीक्षकाच्या खुर्चीत बसलं की माणूस किती हुशार होतो.

१० जानेवारी, मंगळवार

अठ्ठावन्नावा लेख माझाच निघाला. अकरा वर्षांपूर्वीचा. सांधेवातावर घरी घ्यायच्या गोळीपेक्षा रुग्णालयात येऊन दर आठवड्याला घेतलेलं इंजेक्शन फायद्याचं — तो. स्वतःचा लेख स्वतः तपासायचा नाही, असा नियम आहे. नियम मीच लिहिलाय. तरी म्हटलं, आपण कुठे लाड करणार आहोत. कडक तपासला. ब्याऐंशी दिले.

१२ जानेवारी, गुरुवार

फूटपट्टीने चौतीस दिले.

१३ जानेवारी, शुक्रवार

दहापेक्षा जास्त फरक पडला तर दोघींनी समोरासमोर बसायचं. हाही माझाच नियम. बसलो. ‘तुम्ही स्वतःचा तपासलात कसा?’ हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

“मॅडम, शंभरातले चाळीस रुग्ण गोळी विसरतात, हे कुठून आलं?”

“अंदाज आहे.”

“कोणाचा?”

“तज्ज्ञांचा.”

“किती तज्ज्ञ?”

“एक.”

तिने मान वर न करता लिहून घेतलं. “आणि रुग्णांच्या येण्या-जाण्याचा खर्च?”

“हिशेब रुग्णालयाच्या बाजूने होता.”

“तसं लिहिलेलं नाही.”

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. खरं तर तो आकडा त्याच्यावरूनच सुचला होता — रक्तदाबाची गोळी रोज विसरतो म्हणून. म्हणाला, “म्हणजे शंभरातले चाळीस मी एकटाच?” पोट धरून हसलो. मग तो म्हणाला, “पण त्या लेखावरूनच तुमच्या रुग्णालयात सांधेवाताची गोळी बंद केली होती ना?”

हो. ती बंद झाली त्या दिवशी आम्ही खुशीत बाहेर जेवायला गेलो होतो.

१८ जानेवारी, बुधवार

इंजेक्शनचा वार. अकरा वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा गेले. फार लांब नाही, माझ्या खोलीच्या दोन मजले खाली.

बाकांवर सव्वीस जण. सुजलेली बोटं, सुजलेले गुडघे. एका मावशींशेजारी जागा होती. म्हणाल्या, दोन बस बदलून येते, सून कामावर खाडा करून बरोबर येते — बसच्या पायऱ्या एकटीला चढवत नाहीत.

“गोळी होती तेव्हा विसरायचात का हो?”

“विसरेन कशी? दुखणंच आठवण करून देतं की.”

“पण इंजेक्शन तर फुकट आहे.”

“इंजेक्शन फुकट आहे, बाई. येणं फुकट नाही.”

एवढं एक वाक्य माझ्या चौदा पानांत नव्हतं. सून म्हणाली, “हे असलं कोण ठरवतं, काही कळत नाही.” मी खाली वाकून पेनाचं टोपण शोधायला लागले. टोपण पेनालाच होतं.

२५ जानेवारी, बुधवार

दोन बुधवार मिळून चाळीस जणांना विचारलं. गोळी विसरणारे निघाले चार. येण्या-जाण्याचा वेळ धरून सगळं नव्याने मांडलं. निष्कर्ष सरळ उलटला. फूटपट्टीने तीनदा तपासलं. तिने चूक काढावी म्हणून इतक्या आशेने मी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

३१ जानेवारी, मंगळवार

अधीक्षकांकडे गेले. तक्ता पाहून म्हणाले, “मॅडम, इतकं जुनं आता कशाला उकरताय? निवृत्तीला दोन वर्षं राहिली. नाव आहे तुमचं.”

मी म्हटलं, “लेख मागे घेतेय. मासिकाला पत्र गेलंय.”

गेलं नव्हतं. खोलीत येऊन ताबडतोब पाठवलं. निदान आजचं तरी वाक्य खरं निघावं.

५ फेब्रुवारी, रविवार

नवरा सकाळपासून गोळी घेतल्याचं मोठ्याने जाहीर करतोय. शास्त्रासाठी, म्हणे.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

औषध समितीने मान्य केलं. ज्यांना चालेल त्यांना गोळी, एकदम महिन्याभराची. मासिकाने लेख मागे घेतला, तसं छापलंही. गुणतक्त्यात माझे चौतीस कायम. एक गुण वाढवून मागितला — प्रामाणिकपणाचा. फूटपट्टी म्हणाली, “तो रकाना नाही, मॅडम.” पण चहा तिने पाजला.

हलकं वाटतंय. मिटलं एकदाचं.

२ मार्च, गुरुवार

दुपारी अनोळखी फोन. दुसऱ्या गावातल्या रुग्णालयाचा औषधनिर्माता. तरुण आवाज, फार अदबीने बोलत होता. “मॅडम, लेख मागे घेतलेला वाचला. आम्ही तुमच्याच लेखावरून गोळी बंद केली होती. आता काय करायचं?”

मी विचारलं, “तुमच्यासारखी आणखी किती रुग्णालयं?”

“माझ्या माहितीत नऊ.”

कागद पुढे ओढला. म्हटलं, “सांगा. सावकाश सांगा, मी लिहून घेते.”