तळव्यावरचं मीठ

इंदापूर, सोमवार, १३ फेब्रुवारी १९९५

पाडस आज गेलं. पुण्याच्या प्राणिसंग्रहालयाची गाडी आली होती. कार्तिकात ते हरभऱ्याच्या रानात एकटंच पडलेलं दिसलं, म्हणून उचलून आणलं आणि शेळीच्या दुधावर जगवलं. माझ्या तळव्यावरचं मीठ चाटायचं. फक्त माझ्याच!

आज त्यांच्या राखणदारानं हात पुढं केला, तर त्याचंही मीठ चाटलं की! ही हसून म्हणाली, "अवं, सवत आल्यागत काय बघताय?"

मी त्यांच्या डॉक्टरला घुश्शातच विचारलं, "रानातली जनावरं धरून नेता व्हय तुमी?"

"नाही आबा. रानात परत सोडता येत नाही, असंच जनावर आम्ही नेतो. हे माणसाळलंय. हरणी पिलाला लपवून चरायला जाते. ते टाकलेलं नसतं."

म्हणजे मीच...?

आता आठवतंय. पाडस आणल्यावर दोन दिवस एक हरणी बांधावर येऊन उभी राहायची. हरभरा खाईल म्हणून मीच ढेकळं मारून हाकलली.

दुसऱ्याच्या तळव्यावरचं मीठ चाटलं, तर माझा एवढा जळफळाट. ती तर दोन दिवस उभी होती.