विश्वासची सोनोग्राफी

मुडबी, ८ जानेवारी १९८९

आज संध्याकाळी विश्वासला सगळं सांगून टाकलं. माझ्या या धाकट्या भावाच्या यकृतात साठलेली साखर जन्मापासूनच सुटत नाही, म्हणून पोट मोठं, आणि रक्तातली साखर उतरू नये म्हणून दर काही तासांनी पाण्यात कालवलेलं मक्याचं कच्चं पीठ प्यायचं. हैदराबादचे डॉक्टर मला म्हणाले होते की अशा लोकांच्या यकृतात वयाबरोबर गाठी होऊ शकतात, आणि एखादी पुढे कॅन्सरची निघू शकते. होईलच असं नाही. पण दर वर्षी सोनोग्राफी हवी, आणि यंदा हा नकोच म्हणत होता.

"अक्का, दुखायलाच न्हाई तर दाखवायचं काय?"

"दुखायला लागल्यावर उशीर झालेला असतो."

"म्हंजे एवढं मक्याचं पीठ पिऊन आता पोटात कणसं येणार म्हण की!"

आई हसली नाही. "माझ्याकडून आलं का गं त्याला?"

दोघांकडून आलं, मी म्हटलं, आणि दोष कुणाचाच नाही. अप्पा उठून अंगणात गेले. एवढं सरळ सांगायला नको होतं का? पण खोटं काय सांगणार?

मग विश्वास म्हणाला, "जातो. पण एकटा जातो. तू आलीस की डॉक्टर तुझ्याशीच इंग्रजीत बोलायलेत. पोट माझं हाय न्हवं?"

तुला समजणार नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. बी.ए. झाले म्हणून त्याच्या यकृताची मालकीण मी कधी झाले? वीस वर्षांचा आहे तो. गाठ असो नसो, या वेळी आधी त्यालाच कळू दे. मी घरी थांबेन.