चारी दिशांचा पुकारा

कराची बंदर, ता. ८ फेब्रुवारी १९१६

तीर्थरूप अब्बांस,

दिलदारचा सलाम वि. वि. मी इथं खुशाल हाय. जहाजाच्या पोटात गव्हाची पोती रचायचं काम मिळालंय. हात चालतात, जीव मात्र एका जागी ठरत न्हाय, ते तुम्हांला ठाऊकच.

आमच्या खोलीत कोडोलीचा कृष्णात हाय. रोज जेवण झालं की तो तुमची नक्कल करतो. तुम्ही कुस्तीच्या मैदानात पुकारता तसा हात वर करून, दावलं अस्मान, लागली पाठ, झाला चितपट, पडला उताणा! सगळे पोट धरून हसतात. मीबी हसतो, मग मान खाली घालतो. अब्बा, गडी एकदाच पडतो की, तुम्ही त्याला चारदा का पाडता? आणि ते तुमचं, आज जो भारी पडंल तोच जिंकंल, हे तर नाल मारायला आणलेल्या घोड्यालाबी कळतं. गड्यानं अजून लांग कसलेली न्हाय, तवर तो वाघ, ढाण्या वाघ, वाघाचा बच्चा! एवढे वाघ पन्हाळ्याच्या रानात तरी हायत का?

राग मानू नका. आता पोरं शाळा शिकल्यात, ती टिंगल करतात. उद्या पंच दुसरा पुकारणारा आणतील. म्हणून सांगतो, अमका जिंकला असं एकदाच म्हणा आणि गप बसा. अम्माला सलाम. लोभ असतोच, लांबच्या पोरावर जरा जास्त ठेवा.

तुमचा दिलदार

कोल्हापूर, ता. २६ फेब्रुवारी १९१६

चिरंजीव दिलदार यास कुतुबुद्दीन नालबंदाचे अनेक दुवा.

तुझं पत्र शेजारच्या केरबानं आपल्या नाल मारायच्या छपरात मोठ्यानं वाचलं. वाघांपाशी आल्यावर तुझी अम्मा हसून हसून खालीच बसली. मला हसू आलं न्हाय. वीस वर्सं मी मैदान पुकारतोय, माझ्या बापानंबी असंच पुकारलं. त्यात हसण्याजोगं काय हाय, ते कुणी सांगितलं न्हवतं. पण तू समिंदर बघितलास, मी घोड्यांचे खूर. तुझंच खरं असंल. होळीनंतर कोडोलीचं मैदान हाय. तिथं एकदाच बोलीन. तब्येतीला जप.

ता. क. हे मी केरबा माझ्या मनानं लिहितो. मामू रोज घोड्यापुढं सराव करतात. एकदा बोलतात आणि तोंड गच्च मिटतात. घोडा मान वळवून बघतच राहतो, पुढचं कधी म्हणून.

कराची बंदर, ता. २० मार्च १९१६

तीर्थरूप अब्बांस,

दिलदारचा सलाम वि. वि. माझं ऐकू नका. आधी हेच लिहितो, मग बाकीचं.

आमचा मुकादम बसलिंगाप्पा. वरून यारीच्या साखळीनं पोत्यांची जाळी खाली सोडली की तो ओरडायचा, आली, सुटली, खाली आली, सरका! त्यालाबी आम्ही तुम्हांला हसतो तसंच हसायचो. परवा तो तापानं पडला. बदलीचा माणूस एकदाच आली म्हणाला. साखळीच्या खडखडाटात कृष्णातला ऐकूच गेलं न्हाय. जाळी खांद्यावर बसली. जीव वाचला, हाड मोडलं. आता नकलेला हात वर जात न्हाय.

बसलिंगाप्पाला विचारलं, तर म्हणाला, जहाजाच्या या पोटाला कोपरे चार, एक शब्द एका कोपऱ्याचा. तवा मला तुम्ही दिसलात अब्बा. दावलं अस्मान म्हणून जरा वळायचा, लागली पाठ म्हणून आणि वळायचा. लहानपणी मला वाटायचं तुम्ही नाचताय.

हे पत्र मैदानाआधी पोचू दे. चारदाच पुकारा. हसलो त्याची माफी असावी, लोभ कमी नसावा.

तुमचा दिलदार

कोल्हापूर, ता. २ एप्रिल १९१६

चिरंजीव दिलदार यास अनेक दुवा.

तुझं पत्र मैदानाच्या दुसऱ्या दिवशी आलं. उशिरा आलं तेच बरं झालं.

शेवटची कुस्ती इचलकरंजीच्या ईरप्पानं मारली. मी उगवतीकडं तोंड करून एकदाच तेवढं सांगितलं आणि गप बसलो. मावळतीला कोडोलीचे लोक. त्यांनी धूळ तेवढी बघितली, ऐकू काय आलं न्हाय. त्यांनी आपला गडी खांद्यावर घेतला, इकडं इचलकरंजीवाल्यांनी ईरप्पाला घेतला. दोन वराती समोरासमोर आल्या. आधी फेटे उडाले, मग धोंडे. एक पंच माझ्यावर धावून आला. पुकारणाऱ्याचा फेटा उतर म्हणाला, पुन्हा मैदानात पाय ठेवू नको म्हणाला. फेटा काढून दिला. मग बोडक्या डोक्यानंच लाल मातीत शिरलो आणि पोरा, तुझं सांगणं विसरलो. ईरप्पानं दावलं अस्मान! वळलो. लागली पाठ! वळलो. चौथ्या खेपेला धोंडे थांबले. मावळतीचा एक म्हातारा म्हणाला, अरं, मामू सांगतोय, म्हंजे खरंच हाय. त्याच पंचानं फेटा आणून माझ्या डोक्यावर ठेवला. बांधायला मात्र त्याला येत न्हवता.

तुझं पत्र आधी आलं असतं तर मी नेहमीसारखा पुकारलो असतो, आणि वीस वर्सं काम केलं का नुसती बडबड, ते मला मरेस्तवर कळलं नसतं. कृष्णातला सांग, हाड जुळलं की नक्कल खुशाल कर, पण वळायला विसरू नको. लोभ हाय तेवढाच हाय, जास्त मागू नको, कमी समजू नको.

गळा पार बसलाय. हे सगळं केरबाच्या कानात सांगतोय. तो म्हणतो, कागद संपला, शेवटचं एकदाच सांगा. मी म्हणालो, कराची लांब हाय, लिही.

ये. घरी ये. माघारी ये. अम्माकडं ये.

तुझा अब्बा
हस्ते केरबा