दर तिसरा माणूस

४ मार्च, सोमवार
बारच्या दाराशी बसायचं काम मिळालं. आतून बाहेर येणारा दर तिसरा पुरुष अजाम्बो नर्सच्या तंबूत पाठवायचा. कोणाकडे जातोस, निरोध वापरतोस का, असलं ती विचारते. हवं असेल तर एड्ससाठी रक्तही तपासते. नाव विचारत नाही. म्हणाली, "बाबा, तुमचे पांढरे केस बघून कोणी शिवी देणार नाही." पहिल्याच ट्रकवाल्याने दिली!

५ मार्च
तंबूचं कापड पातळ. नको ते कानावर येतं. सीमेवर गाडी अडकलेला एक ड्रायव्हर, माझ्या धाकट्याएवढा, म्हणाला, "ओळखीच्या बाईबरोबर कसला निरोध?"
अजाम्बो म्हणाली, "ओळख झाली की रोग लाजतो होय रे?"
तो हसला. अशा ओळखीच्या चौघी — आणि घरी बायको! देवा!

६ मार्च
एगेसा! माझा जावई! बारमधून बाहेर आला, आणि नेमका तिसरा तोच.
आम्हा सामिया लोकांत सासऱ्याने जावयाशी असलं काही बोलायचं नसतं. मी मान फिरवली आणि त्याच्या मागच्या दाढीवाल्याला तंबूत धाडलं. घरी माझी लेक टाका पोटुशी, आणि हा इथे!

७ मार्च
पुन्हा आला. बाहेर पडला, आत गेला, परत बाहेर. निर्लज्ज! तंबूकडे बघत उभा राहिला. मी छत्री आड धरली.
अजाम्बो ओरडली, "बाबा, तो उभा आहे की! पाठवा ना!"
"तो तिसरा नाही, दुसरा आहे," म्हणालो. खोटं. निघून गेला.
टाकाला सांगावं का? सांगितलं तर संसार मोडेल. नाही सांगितलं तर हा रोग घरात आणेल — तिला, पोटातल्या बाळाला.

८ मार्च
सकाळीच टाका आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बाबा, त्यांना दोनदा परत का पाठवलंत? मीच धाडलं होतं. दवाखान्यात सगळे ओळखतात, तंबूत नाव विचारत नाहीत. त्यांचं रक्त तेवढं बघायचं होतं." मग खाली बघून — "माझं गेल्या महिन्यात बघितलं. रोग मला आहे. बाळासाठी गोळ्या सुरू केल्यात."
तिला चुलीपाशी बसवलंय. एगेसाला तंबूत बोलवायला मी स्वतः निघालोय.