पंचमीची सुकती

५ मे, सोमवार
कोर्टाला उन्हाळी सुट्टी. ऑफिस रिकामं. ३१ला निवृत्ती, म्हणून कपाट आवरायला घेतलं. खटल्यांच्या वह्या निघाल्या. प्रत्येक साक्षीदाराची दोन पानं. डावीकडे पोलिसांनी घेतलेला जबाब, उजवीकडे तो माझ्यासमोर बसून बोलला ते. ही पद्धत मला कोणी शिकवली नाही, माझी मीच लावून घेतली.
दापोलीची वही सगळ्यात जाड. सरकारी वकील म्हणून पहिली नेमणूक. काळा कोट अस्तर लावून शिवून घेतला होता, एप्रिलमध्ये पाठीला चिकटायचा. वकिलांच्या खोलीत मी एकटी बाई. आत शिरले की गप्पा बंद. शिपाई बाहेरूनच ओरडायचा, "सरकारी बाई आल्या!" आधी चिडायचे. पुढे खेडला बदली झाली तेव्हा ती हाक चुकल्यासारखी वाटली.

७ मे, बुधवार
सलमा आवरायला आली. दोन वर्षांपूर्वी लागलेली सहायक सरकारी वकील, हर्णेची, वडील बोटीवर तांडेल. दापोलीची वही मोठ्याने वाचत बसली. मीही ऐकत बसले. कामं तशीच.
हर्णे बंदराचा खटला निघाला. बोटमालक दोघे भाऊ, त्यांनी गजाने खलाशाचा हात मोडला. बघणारी एकटी चंद्राबाई, मासळी विकणारी. घटना मार्चातली, पंचमीची. जबाब दोन दिवसांनी घेतलेला. त्यात वेळ 'रात्री सव्वाआठ'. कोर्टातही तिने तीच सांगितली.
उलटतपासणीत तिला विचारलं, अंधारात तोंडं कशी ओळखलीस? ती म्हणाली, उजेड होता. आरोपींचा वकील म्हणाला, "हर्ण्याला सूर्य उशिरा मावळतो वाटतं!" कोर्ट हसलं. भाऊ सुटले. निकालात तिच्याबद्दल लिहिलं, 'साक्षीदार खोटे बोलते'.
स. उजव्या पानावर थांबली. तिथे लिहिलेलं: अर्धी सुकती झाली होती. उजेड होता.
"मॅडम, पंचमीला अर्धी सुकती सव्वाआठला नाही होत. पावणेसातला होते."
"तुला काय माहीत?"
"तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. पंचमीला पावणेचारला भरती पुरी. तिथून तीनेक तासांनी पाणी अर्धं उतरतं. सव्वाआठ म्हणजे सप्तमी झाली."
सप्तमी म्हणजे जबाब घेतला तो दिवस. हवालदार घाटावरचा. तिने त्याला वेळ म्हणून अर्धी सुकती, म्हणजे अर्धी ओहोटी, एवढंच सांगितलं असणार. ती किती वाजता होते असं त्याने तिथल्याच कोणाला विचारलं असणार. त्या माणसाने त्याच दिवसाची, सप्तमीची वेळ सांगितली असणार.
"आमच्याकडे हे शाळेच्या आधी शिकवतात," स. हसत म्हणाली.
मी देवरुखची. आमच्याकडे समुद्र सहलीला.

८ मे, गुरुवार
काल स. गेल्यावर त्याच पानाच्या तळाशी पाहिलं. लाल शाई, माझं अक्षर. 'समज दिली. जबाबातील वेळच सांगावी.'
आठवलं. साक्षीच्या आधी चंद्राबाई कोर्टाच्या आवारात, आंब्याखाली बाकावर बसली होती. रिकामी टोपली मांडीवर.
"बाय, सव्वाआठ नाय गो. तवा उजेड होता."
"जबाबात आहे ते सांगायचं. त्याबाहेर एक शब्द नको."
"पन..."
"पण नाही."
हवालदार अडाणी होता म्हणून सुटका नाही. तिने मला खरं सांगितलं होतं. मी ते लिहूनही घेतलं होतं.
आणि पुढे प्रत्येक नवीन मुलीला हेच शिकवलं, जबाबाबाहेर एक शब्द नको. सलमालाही.

१२ मे, सोमवार
स.ने घरी फोन करून विचारलं. चंद्राबाई आहे. पंचाहत्तरी उलटली. खटल्यानंतर बंदरावर मासळीच्या लिलावात तिला कोणी उभं करेना. बोली लावली तर ऐकलीच नाही असं करायचे. मग सुकट घेऊन गावोगाव फिरली, पायी. आरोपींतला थोरला भाऊ वारला. धाकटा अजून लिलाव पुकारतो.
स. चाचरत म्हणाली, "तिला अजून 'सव्वाआठ' म्हणतात, मॅडम. नव्या मुलांना तर का ते माहीतही नाही."
जेवले नाही.

१८ मे, रविवार
हर्णेला गेले. जयगड, दाभोळ, दोन्ही खाड्या फेरीबोटीने. पूर्वी दापोलीहून एसटीने खेडला जायचे, फायली मांडीवर, शेजारी कोंबड्यांची टोपली. तेव्हा थकवा माहीत नव्हता.
चंद्राबाई ओटीवर. ओळखलं लगेच.
"सरकारी बाई ना तू? कोट कुठं ठेवलास?"
सगळं सांगितलं. तिथी, हवालदार, लाल शाई. हात जोडले. तिने ऐकून घेतलं, मधे एकदा उठून मांजराला हाकललं.
"उजेड होता ता माका ठाव हाय. माका कशाक सांगतंस?"
"मग कोणाला सांगू?"
तिने बंदराकडे हात केला. "थय जा. सगळी असतात तवा."
चहा दिला. साखर जास्त. पूर्ण प्यायले.

२६ मे, सोमवार
३०ला निरोप समारंभ. बारचे अध्यक्ष, माझ्याच बरोबरीचे, म्हणाले 'वाटचाल' या विषयावर बोला. हर्णे बंदरावर जाऊन सगळ्यांसमोर बोलणार आहे, ते त्यांना सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले.
"मॅडम, अपिलाची मुदत कधीच संपली. आणि तो माणूस निर्दोष सुटलाय. चारचौघांत बोललात तर अब्रुनुकसानीचा दावा लावेल."
खरं आहे. दुसऱ्या कोणाला मीही हाच सल्ला दिला असता.
ठरवलं, त्याचं नाव घ्यायचं नाही. मारलं कोणी, त्यावर बोलायचं नाही. वेळ चुकीची होती, चंद्राबाई खरं बोलत होती, चूक माझी. एवढंच.
पण तिच्या खरेपणातून त्याचं नाव आपोआप निघतं. ते मला कळतं, त्यालाही कळेल.

३० मे, शुक्रवार
शाल, श्रीफळ, भाषणं. 'कर्तव्यकठोर' हा शब्द अकरा वेळा. सलमा बोलताना रडली, तिला दटावलं. वाटचालीबद्दल पाच मिनिटं बोलले. शेवटी म्हणाले, साक्षीदार काय सांगतो ते आधी ऐका, जबाब नंतर वाचा. टाळ्या. का म्हणतेय ते स.शिवाय कोणाला कळलं नाही.

३१ मे, शनिवार. हर्णे, साडेचार
उद्यापासून मासेमारी बंद, म्हणून आज सगळं गाव वाळूवर. स. बरोबर आहे. धाकटा लिलाव पुकारतो आहे. केस पांढरे, आवाज दणदणीत. त्याच्यापुढे गेले, म्हटलं चार शब्द बोलायचे आहेत. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या चंद्राबाईकडे.
"बोला की, बाई. पन आधी मासळी. ती थांबत नाय."
थांबले. चंद्राबाईने टोपली पालथी घातली, मला बसायला. स्वतः वाळूत बसली. बायका वळून वळून बघतात. वही गुडघ्यावर धरून लिहिते आहे, हाताला काहीतरी काम हवं.
"भ्यालंस काय गो?" तिने विचारलं.
"हो."
"मी पन भ्यालंय होतंय. तुका."
लिलावाच्या दोन बोटी राहिल्या होत्या. आता एकच.